मंदिरातील जुनी चांदी : ठसे, छाप व काळनिश्चिती

देवस्थानास पिढ्यान्‌पिढ्या अर्पण होत आलेल्या चांदीच्या वस्तूंची पाहणी करून त्यांची सविस्तर सूची करण्याचे काम विश्वस्त मंडळाने हाती घेतले, त्यास आता काही वर्षे झाली. ते काम करीत असता जे ज्ञान आम्हांस टप्प्याटप्प्याने होत गेले, ते भाविकांसमोर व इतर देवस्थानांच्या कार्यकर्त्यांसमोर ठेवावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत. आम्ही जवाहिरे नव्हे किंवा पुरातत्त्वज्ञही नव्हे. तथापि भिंग, तराजू आणि पंचांग एवढ्या साधनांवर बरेच काही कळू शकते, असा आमचा अनुभव आहे.

या कामास निमित्त झाले ते गाभाऱ्याच्या दरवाजाचे. दरवाजास चांदीचा पत्रा चढवावयाचा होता आणि त्यासाठी भांडारातील जुनी, मोडकी व वापरात नसलेली चांदी आटवावी, असा ठराव बैठकीत आला होता. ठराव सद्‌हेतूनेच मांडला गेला होता. परंतु त्याच बैठकीत एका ज्येष्ठ पुजाऱ्यांनी सांगितले की, पूर्वी असेच एक अभिषेकपात्र आटविले गेले आणि त्याच्या बुडावर काही अक्षरे कोरलेली होती. दप्तर काढून पाहिले तेव्हा नोंद सापडली ती एवढीच : 'जुने भांडे १, वजन तोळे ९२.' कोणी दिले, केव्हा दिले, कशासाठी दिले, हे आता कोणासही सांगता येणार नाही. म्हणून ठराव तहकूब ठेवून आधी प्रत्येक वस्तू पाहावी, असे ठरले.

ठसा आणि कोरीव लेख

सुरुवातीस आमची जी चूक होत असे ती सांगतो. भांड्यावर दिसणारी सर्वच अक्षरे आम्ही एका मापाने मोजीत होतो. वस्तुतः त्यांचे दोन वेगळे प्रकार आहेत. पोलादी छाप हातोडीने ठोकून उमटविलेला तो ठसा. तो बहुधा वस्तू घडविल्याच्या वेळचा असतो. कोरणीने खोदलेला तो लेख. तो अर्पणाच्या वेळी, किंवा त्यानंतरही पन्नास वर्षांनी घातलेला असू शकतो. ठसा वस्तूचा जन्म सांगतो, लेख ती देवाच्या चरणी केव्हा आली ते सांगतो. या दोहोंत अंतर असले म्हणजे वस्तू खोटी, असे मुळीच नाही.

हॉलमार्क हा शब्द लंडनच्या सुवर्णकार संघाच्या 'हॉल'वरून आला. १४७८ पासून तेथील कारागिरांना आपला माल त्या वास्तूत नेऊन तपासून घ्यावा लागे व तेथेच त्यावर छाप पडे. आपल्याकडे ब्रिटिश अमदानीत चांदीसाठी अशी सक्तीची तपासणी नव्हती. ही एक गोष्ट ध्यानात घेतली की पुष्कळ गोंधळ मिटतो. हिंदुस्थानात घडलेल्या जुन्या भांड्यावर छाप नाही, म्हणून ते हलके असे समजण्याचे कारण नाही; आणि छाप आहे म्हणून ते सरकारने तपासले आहे, असेही नाही.

विलायती छाप कसे वाचावेत

देवळात विलायती चांदी कोठून आली, असे कोणी विचारील. संस्थानी काळात दरबारी मंडळींना बक्षीस म्हणून, निरोपसमारंभात भेट म्हणून, किंवा मुंबईच्या पेढ्यांतून खरेदी होऊन अशा वस्तू घरांत येत. पुढे त्यांतील काही नवसापोटी किंवा वडिलांच्या स्मरणार्थ देवास अर्पण झाल्या. प्रसादाचे तबक म्हणून जे आपण वर्षानुवर्षे फिरविले, ते मुळात कोणा साहेबाच्या मेजावरील असू शकते.

इंग्लंडच्या चांदीवर साधारणतः चार ठसे ओळीने असतात : कारागिराची आद्याक्षरे, चांदीच्या कसाचे चिन्ह, तपासणी झालेल्या शहराचे चिन्ह आणि वर्षाचे अक्षर. उजवा पुढचा पंजा उचलून चालणारा सिंह हे हजारात ९२५ भाग शुद्ध, म्हणजे 'स्टर्लिंग' चांदीचे चिन्ह असून ते १५४४ पासून वापरात आहे. शहरांपैकी लंडनचे चिन्ह बिबट्याचे मुख. १८२१ पर्यंत त्या मुखावर मुकुट होता, नंतर तो काढला गेला. बर्मिंगहॅमचा नांगर व शेफील्डचा मुकुट हे दोन्ही १७७३ पासूनचे. शेफील्डने १९७५ मध्ये मुकुट सोडून गुलाब घेतला. एडिंबरोचा किल्ला, चेस्टरच्या तीन पेंढ्या व तलवार ही चिन्हेही अधूनमधून आढळतात. चेस्टरची कचेरी १९६२ मध्ये बंद झाली. म्हणजे ते चिन्ह असलेली वस्तू त्यानंतरची असूच शकत नाही.

पाचवा ठसा कधी असतो, कधी नसतो, आणि म्हणूनच तो अतिशय उपयोगी पडतो. १७८४ ते १८९० या काळात चांदीवर कर होता व तो भरल्याची खूण म्हणून राजाचे किंवा राणीचे मस्तक ठोकीत. बाजूने दिसणारे मस्तक असेल तर वस्तू सामान्यतः या कालखंडातील. विलायती ठसे पूर्ण असूनही मस्तक नसेल तर ती बहुधा १७८४ पूर्वीची किंवा १८९० नंतरची. आपल्याकडील बव्हंशी वस्तू दुसऱ्या वर्गात पडतात. अपवाद म्हणून १९३५ च्या सुमारास राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त राजा-राणीची जोडमस्तके असलेला ठसा काही काळ वापरला गेला, तो करखूण समजू नये.

वर्षाचे अक्षर हा या साऱ्याचा गाभा आहे आणि फसगतही येथेच होते. लंडनच्या कचेरीने 'ए' पासून 'यू' पर्यंत, मधले 'जे' वगळून, वीस अक्षरांचे चक्र चालविले. चक्र संपले की पुन्हा 'ए'. मात्र अक्षराचे वळण व भोवतालच्या ढालीचा आकार बदले. १८७६ पासून मोठी रोमन अक्षरे, १८९६ पासून लहान रोमन, १९१६ पासून जुन्या जाड गॉथिक वळणाची लहान, १९३६ पासून पुन्हा मोठी रोमन. शिवाय प्रत्येक शहराचे चक्र स्वतंत्र. १९०० साली लंडनचे अक्षर लहान 'ई' होते, तर बर्मिंगहॅमचे लहान 'ए'. म्हणून आधी शहर निश्चित करावे, मगच अक्षर पाहावे. लंडनचे अक्षर मे महिन्यात बदलत असे. त्यामुळे एक अक्षर दोन इसवी सनांत विभागलेले असते. सर्व शहरांची अक्षरे १९७५ पासून एक झाली व १९९९ पासून ते अक्षर ऐच्छिक ठरले.

आमच्या भांडारातील एका तबकाचे उदाहरण देतो. मागील बाजूस सिंह, बिनमुकुटाचे बिबट्याचे मुख व लहान रोमन 'ई' असे ठसे आहेत. राणीचे मस्तक नाही. यावरून तबक लंडन येथे १९००-०१ मध्ये तपासले गेले, हे निश्चित झाले. त्याच तबकाच्या कडेवर देवनागरीत 'शके १८२९ प्लवंगनाम संवत्सरे श्रीचरणी' एवढा लेख आहे. शके १८२९ म्हणजे इसवी सन १९०७-०८. म्हणजे हे तबक सात वर्षे कोणाच्या तरी घरी वापरले गेले आणि नंतर देवाकडे आले. दात्याचे नाव लेखात नाही. नम्रतेने घातले नसावे असे आम्हांस वाटते. पण सूची करणाऱ्याची मात्र पंचाईत होते.

हिंदुस्थानी पेढ्या व कारागीर

कलकत्त्याची हॅमिल्टन आणि कंपनी व मद्रासची पी. ऑर आणि सन्स या एकोणिसाव्या शतकातील नावाजलेल्या पेढ्या होत. त्या आपल्या नावाचा ठसा मारीत. कलकत्त्याच्या काही पेढ्या विलायती धाटणीवर हत्तीसारखी चिन्हे व सुटी अक्षरेही ठोकीत. ती अक्षरे विलायती तक्त्यात शोधून वर्ष काढू नये. तो व्यर्थ खटाटोप होय, आणि आम्ही तो दोन रविवार केला आहे. अशा वस्तूंचा काळ पेढीचे नाव, घडण व अर्पणलेख यांवरूनच ठरवावा लागतो.

गुजरातेत राहणाऱ्या आपल्या मंडळींस अधिक जवळचे ते कच्छकाम. भुजचे ऊमरशी मावजी हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील ख्यातनाम रौप्यकार. कच्छच्या महारावांच्या आश्रयाने काम करणाऱ्या या कारागिराच्या वस्तूंवर रोमन लिपीत 'ओ. एम.' अशी आद्याक्षरे, काही ठिकाणी सोबत 'भुज' हा शब्दही, ठोकलेला आढळतो. पृष्ठभाग एकही बोट रिकामा न ठेवता वेलबुट्टीने भरलेला, पानांच्या वळणांत पशुपक्षी, आणि पार्श्वभूमी बारीक ठिपक्यांनी खरवडलेली, ही त्या कामाची ओळख. या नावाचे महत्त्व वाढल्यावर सामान्य कच्छकामावर नंतर ठोकलेले बनावट ठसेही बाजारात आले आहेत, तेव्हा केवळ दोन अक्षरांवर विसंबू नये. कामाचा दर्जा पाहावा. तसेच या ठशात वर्षाक्षर नाही. तो घराणे सांगतो, साल सांगत नाही.

आटविण्याच्या ढिगात आमच्याकडे एक गुलाबदाणी होती. मान वाकलेली, झारीचे तोंड नाहीसे झालेले, वर काळ्या पुटाचा थर. बुडाची कड भिंगाखाली धरली तेव्हा 'ओ. एम.' ही अक्षरे दिसली. काम पाहता ती अक्षरे खरी असावीत, असे दोन जाणकारांचे मत पडले. चांदीच्या वजनाने तिची किंमत दरवाजाच्या पत्र्याचा एक कोपराही भरून काढू शकली नसती. ती आता कपाटात आहे, आणि वाकलेली मान आम्ही तशीच ठेवली आहे.

मद्रासकडील 'स्वामी' नावाने ओळखल्या जाणाऱ्या कामात देवतांच्या आकृती उठावात असतात. पुण्यासही तशा धर्तीचे काम होत असे. गोव्याशी संबंध असलेल्या घराण्यांकडून आलेल्या वस्तूंवर क्वचित पोर्तुगालचे छाप दिसतात. १८८७ ते १९३७ पर्यंत तेथे रानडुकराच्या मस्तकाचा ठसा होता, १९३८ पासून गरुडाचा आला व सोबत ९१६ किंवा ८३३ हा कस अंकांत येऊ लागला. नुसता '८००' हा अंक युरोपातील चांदीवर आढळतो. त्यासोबत मुकुट व चंद्रकोर असेल तर वस्तू जर्मनीतील व १८८८ नंतरची.

लेख, वजन व नाणी

आपल्या देवघरातील बहुसंख्य भांडी मात्र स्थानिक सोनारांनी घडविलेली व ठसाविरहित आहेत. पळी, पंचपात्र, ताम्हन, पादुका, छत्र, चवरीचे दांडे यांवर छाप शोधण्यापेक्षा लेख शोधावा. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो. जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंतची तिथी असेल तर ७९. संवत्सराचे नाव दिलेले असेल तर तो उत्तम पडताळा होय. शकात १२ मिळवून ६० ने भागावे व बाकी राहील त्या क्रमांकाचा संवत्सर, प्रभव हा पहिला धरून, मोजावा. वरील तबकाचे पाहा : १८२९ अधिक १२ म्हणजे १८४१, साठाने भागता बाकी ४१, एकेचाळिसावा संवत्सर प्लवंग. लेख जुळला. शक व संवत्सर जुळत नसतील तर अंक झिजून चुकीचा वाचला गेला असण्याचा संभव अधिक.

गुजरातेतील लेखांत विक्रम संवत असतो आणि तो येथे कार्तिक शुद्ध प्रतिपदेस सुरू होतो. कार्तिकापासून डिसेंबरपर्यंत ५७ व जानेवारीपासून आश्विनापर्यंत ५६ वजा करावेत. उत्तरेकडील चैत्री संवताचा हिशेब येथे लावला की एका वर्षाचा फरक पडतो. इंदूर, ग्वाल्हेरकडील मंडळींनी आमच्याकडील लेख वाचताना हे लक्षात ठेवावे.

वजनही काळ सांगते. बुडावर 'तोळे' किंवा 'शेर' खरवडलेले असेल तर वस्तू बहुधा दशमान पद्धतीपूर्वीची. मेट्रिक वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. ग्रॅममध्ये कोरलेले वजन त्यापूर्वीचे असणार नाही. मात्र जुन्या वस्तूचे नव्याने वजन करून कोणी अंक घातला असेल, तर तो अंक वस्तूचा काळ सांगत नाही. लेखात रक्कम 'बाबाशाही' रुपयांत असेल तर ती नोंद बडोदे संस्थानाच्या स्वतःच्या नाण्याच्या काळातील. ते चलन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मागे पडले.

यजमानाने रुपये द्यावेत व सोनाराने तेच आटवून भांडे करावे, ही सर्रास रीत होती. ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाचे वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांत अकरा भाग, म्हणजे हजारात सुमारे ९१७, चांदी होती. १९४० मध्ये रुपयातील चांदीचे प्रमाण निम्म्यावर आणले गेले. म्हणून तपासणीत कस ९१ टक्क्यांच्या आसपास आला तर 'सोनाराने भेसळ केली' असा निष्कर्ष तडकाफडकी काढू नये. रुपये जसे, तसे भांडे. या एका गैरसमजापायी किती कारागिरांच्या नावास उगाच बट्टा लागला असेल, कोण जाणे.

जर्मन सिल्व्हर व मुलामा

जर्मन सिल्व्हर या धातूत चांदी अजिबात नसते. तांबे, निकेल व जस्त यांचे ते मिश्रण होय. समया, पूजेची ताटे, चौरंगाचे खूर यांत ते विपुल सापडते. विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याच्या पद्धतीचे एकस्व बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये घेतले; तेव्हा असा मुलामा असलेली वस्तू त्यानंतरचीच. तिच्यावर 'ई. पी. एन. एस.' ही अक्षरे वेगवेगळ्या चार चौकटींत अशा थाटाने ठोकलेली असतात की दुरून चार हॉलमार्कच वाटावेत. आमच्या जुन्या सूचीत 'चांदीची' म्हणून नोंदलेल्या समयांची एक जोडी जर्मन सिल्व्हरची निघाली. ज्या घराण्याने ती दिली त्यांना हे कसे सांगावे, यावर बराच विचार झाला. शेवटी सांगितले, सूची दुरुस्त केली, आणि त्या समया पूर्वीप्रमाणेच रोज लागतात.

शंका असल्यास वस्तूस ओरखडा न काढता एक परीक्षा घरच्या घरी होते. वस्तू कोरडी तोलावी, मग दोऱ्याने बांधून पूर्णपणे पाण्यात बुडवून तोलावी. कोरड्या वजनास दोन वजनांतील फरकाने भागावे. शुद्ध चांदी असेल तर उत्तर साडेदहाच्या जवळ, रुपयाच्या चांदीचे त्याहून किंचित कमी, जर्मन सिल्व्हरचे पावणेनऊच्या आसपास येते. आत लाख किंवा राळ भरलेल्या, अथवा लाकडावर पत्रा चढविलेल्या वस्तूंस मात्र ही रीत लागू नाही. तेजाबाचा थेंब टाकून पाहण्याची पद्धत आम्ही बंद केली आहे. डाग कायमचा राहतो. सराफाकडील क्ष-किरण यंत्र निरुपद्रवी आहे, पण ते फक्त पृष्ठभाग पाहते, त्यामुळे जाड मुलाम्यावर ते फसू शकते.

पाहताना व स्वच्छ करताना

ठसे बुडावर, कडेच्या आतील बाजूस, झाकणाच्या कानावर व मळसूत्राजवळ असतात. झाकण व भांडे यांवरील वर्षाक्षरे निराळी असतील तर दोन वस्तू मागाहून जुळविल्या आहेत, असे समजावे. दिवा समोरून न धरता बाजूने तिरपा धरावा. अक्षरांच्या सावल्या पडतात व झिजलेला ठसाही उमटतो. ठशावर तोंडाची वाफ सोडली असता आणखी एक गोष्ट कळते. दुसऱ्या वस्तूवरील ठसा कापून येथे डाक देऊन बसविला असेल, तर वाफेत जोडाची रेघ दिसते.

सर्वांत मोठी हानी होते ती घासण्याने. चांदीवरील काळेपणा हा हवेतील गंधकाचा परिणाम आहे, तो मळ नव्हे. राख, चिंच किंवा पितळेची पूड लावून दर सणास घासलेल्या भांड्यावरील लेख पन्नास वर्षांत पुसट होतो. नित्यपूजेची भांडी घासलीच पाहिजेत, त्यास इलाज नाही. पण ठसा वा लेख असलेली जागा मऊ कापडाने नुसती पुसावी, आणि घासण्यापूर्वी तिचे छायाचित्र घेऊन ठेवावे.

नव्याने चांदी अर्पण करणाऱ्यांसाठी थोडेसे. भारतीय मानक ब्यूरोची चांदीची हॉलमार्किंग योजना २००५ पासून आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून तिच्यात सहा अक्षरी-अंकी ओळखक्रमांकाची सोय ऐच्छिक स्वरूपात आली असून ८०० पासून ९९९ पर्यंत सात कस मान्य आहेत. वस्तूसोबत पावतीची प्रत व अर्पणाची तिथी कार्यालयात द्यावी. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकते व अशी वस्तू खाजगीरीत्या परदेशी पाठविता येत नाही, हे परदेशस्थ भाविकांनी ध्यानात ठेवावे.

दरवाजाचा पत्रा अखेर ठसा व लेख नसलेल्या, मोडलेल्या चांदीतून आणि नव्या देणग्यांतून झाला. आटविण्यापूर्वी त्या प्रत्येक तुकड्याचेही वजन व छायाचित्र सूचीत घेतले आहे. शके १८२९ च्या तबकाविषयी ज्या घराण्यांत काही आठवण, पत्र वा हिशेबाची वही असेल त्यांनी सायंआरतीनंतर कार्यालयात भेटावे. तबक पाहावयास मिळेल.